सहा नंबरचे ग्लोव्हज

जखम शिवायला घेण्याआधी मी मोजते.
गॉज पाच-पाचच्या गड्ड्यांत, मॉप वेगळे,
सुया, ब्लेडं, ड्रिलची टोकं.
आकडा जुळला नाही तर
परळच्या या थिएटरात कुणाचं काही चालत नाही,
युनिटच्या मोठ्या सरांचंसुद्धा.
एकदा अर्ध्या इंचाच्या सुईपायी
सव्वा तास सगळे लादीवर ओणवे,
लाल बादली पालथी,
एक्स-रेवाला झोपेतून उठवून आणलेला.
सुई निघाली सरांच्याच सपातेच्या तळाला.

एकतीस वर्षं मोजतेय.
त्यात एक मोजणी कुणी न सांगितलेली:
नव्या रेसिडेंटांची यादी लागली
की चष्मा पुसायचा, मुलींची नावं शोधायची.
खाली कॉलेजात त्या निम्म्याहून जास्त.
कँटीनपाशी वेण्या, पोनीटेल, हिजाब,
हसण्याचा नुसता गलका.
प्रसूतीला पोचतात, बालरोगला, डोळ्यांना, त्वचेला.
अस्थिरोगाच्या मजल्यावर येईतो
कुठल्या जिन्यात राहतात?

आठ जागा, आठ मुलगे.
पुढच्या वर्षी आठ मुलगे.
मग सात, आणि एक रुखसार सोलकर.
दिवाळीआधी तिने सीट सोडली.
धुतलेल्या चादरींच्या खोलीत
तिला तोंड दाबून रडताना मी पाहिलं होतं
आणि दार हळूच ओढून घेतलं होतं.
(हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)
नंतर सहा वर्षं कुणीच नाही.
बादली कुणी पालथी केली नाही.
एक कमी आहे, शोधा,
असं मीही ओरडले नाही.

कारणं सगळ्यांना पाठ.
हाडाचं काम ताकदीचं, पोरी.
पाय ओढायला पैलवान लागतो.
लग्न कधी? आणि मग मूल?
पैलवान पाहिलेत मी,
पहिल्या रक्ताला भिंत धरणारे.

यंदा यादीत सातवी: गावित सुनयना रायसिंग, नवापूर.
उंची पाच फूट, चपलेसकट.
दोन दारांमध्ये उभी राहिली पहिल्या दिवशी.
एकावर 'डॉक्टर्स', आत मुलांच्या बनियनी वाळत.
दुसऱ्यावर 'सिस्टर्स'.
म्हटलं, ये. माझ्या लॉकरात
डब्याखालचा कप्पा तिला दिला.

ग्लोव्हज साडेसात नंबरचे. लहान नाहीतच.
तिच्या बोटांपुढे रबराची रिकामी बोटं लोंबायची,
स्क्रू निसटायचा.
"हात थरथरतोय का, डॉक्टर?" सरांनी विचारलं.
"हात नाही, सर. ग्लोव्ह."
हे मी बोलले. माझं मलाच नवल वाटलं.

रात्री अडीचला अँटॉप हिलचा एक टॅक्सीवाला आला,
मांडीचं हाड दोन जागी मोडलेलं.
"मामा, टेबल खाली घ्या. अजून. अजून."
ते इतकं खाली येतं
हे आम्ही विसरूनच गेलो होतो.
चादर पिळून तिने कमरेला बांधली,
त्याच्या घोट्याशी जोडली
आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला,
विहिरीचा पोहरा ओढावा तसा.
खट्.
पडद्यावर हाड सरळ.
बाबलमामा म्हणाला, "हाडाची डॉक्टर आहे ही."
बाबलमामा कधी विनोद करत नाही.

मे महिन्यात मी निवृत्त होईन.
काल स्टोअरमध्ये फॉर्म भरला:
ग्लोव्हज, सहा नंबर, पन्नास जोड्या.
केळुसकर म्हणाला, "एका पोरीसाठी पन्नास?"
आणि लाल पेनाने पन्नासचे वीस केले.
वीस मी त्याच्यासमोर मोजून घेतल्या,
मोठ्याने, एकेक करून,
मग दुसरा फॉर्म मागितला.